चार मजले चढलेला फ्लॉवर

थोरलीबाईच्या जावयाला एक वाईट खोड होती. घरात पाऊल टाकलं की तो माणसांच्या आधी भांड्यांची विचारपूस करायचा. एक बूट काढलेला, एक पायातच, आणि नजर थेट शेगडीकडे. "काय आई, आज काय बेत?" म्हणत पुढे यायचा आणि पातेल्यावरचं झाकण उचलायचा. चष्म्यावर वाफ बसली की चष्मा पुसायचा, पुन्हा डोकवायचा आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"ला थोरलीबाई अकरा वर्षं ओळखून होती. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी असतात, स्वयंपाकघरात येत नाहीत.

"आज दुसऱ्याचं झाकण उचलतोय, उद्या दुसऱ्याचं पत्र फोडेल," ती लेकीला म्हणायची.

"अगं आई, त्यांचं कामच आहे ते."

आणि होतंच ते त्याचं काम. जावई आरोग्य खात्यात तपासनीस होता. घरोघर जायचं, लोक काय खातात ते बघायचं, कागदावर लिहायचं. म्हणजे झाकण उचलायचा त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. आपल्या देखण्या, शहाण्या लेकीच्या नशिबी हे ध्यान यावं, याचं थोरलीबाईला अकरा वर्षं नवल वाटत होतं आणि अजून ते ओसरलं नव्हतं.

त्याच्या पिशवीत एक चकचकीत तक्ता असायचा. त्यावर गाजर, पालक, टोमॅटो, वांगं, मका अशी चित्रं. तो तक्ता भिंतीला धरून तो सांगायचा, "आई, ताटात रोज पाच रंग हवेत. लोकांना हेच कळत नाही. अज्ञान! दुसरं काही नाही, अज्ञान!"

"पाच रंग होय? आहेत की आमच्या गल्लीत," थोरलीबाई म्हणायची. "लाल पाकीट, पिवळं पाकीट, हिरवं, निळं, जांभळं. हवं तर सहावा पण दाखवते, सोनेरी. आत सगळ्यांत एकच माती."

जावई हसायचा. त्याला वाटायचं सासूबाई विनोद करतात.

ती चार मजल्यांची इमारत, आणि सगळा जिना तिला थोरलीबाई म्हणायचा. वयानं मोठी म्हणून म्हणत, आणि तिनं तसं म्हणायला लावलं होतं म्हणूनही. शाळा दुसरीपर्यंत. सहीपुरती अक्षरं यायची, ती पण एकेक जोखून काढावी लागत. पण कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला जिन्यात नुसतं नाक वर केलं की कळायचं, आणि कुणाच्या घरात काही शिजत नाही हे तर त्याहून लवकर कळायचं.

एके काळी गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली बसायची. डोक्यावर ताडपत्री, पुढे टोपल्या, अठरा वर्षं एकाच जागी. इमारतीच्या मागच्या बाजूला एकावर एक सज्जे, आणि प्रत्येक सज्ज्याला दोर बांधलेली टोपली. वरून हाक मारायची, टोपली खाली सोडायची. भाजीवाली मागच्या बोळात येऊन माल भरायची, वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकायची. थोरलीबाई पहिल्या मजल्यावरूनच तिच्याशी भांडायची. "गाजर आहे का लाकूड गं हे?" "लाकूड समजून जाळा थोरलीबाई, पण पैसे खाली टाका." असं चालायचं.

मग रस्ता रुंद झाला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कठडा आला आणि भाजीवालीला उठवलं. तिच्या जागी कुणीच आलं नाही. आत गल्लीत दुकानं होती सात. पाच वेफर्स-नूडल्सच्या पाकिटांची, एक बेकरी, एक तळणवाला. पाकिटांच्या माळा अशा लटकत होत्या की दुकानदाराचं तोंड दिसायला एक माळ बाजूला सारावी लागायची. बाजारात जायचं तर मोठा रस्ता ओलांडून दोन बस. गुडघे धड असतील तर जाऊन येऊन तीन तास, आणि थोरलीबाईचे गुडघे धड नव्हते.

वर्षभरात जिन्याचा वास बदलला. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण पूर्वी मशीनच्या टेबलाखाली शेंगा मोडत बसायची, ती आता पोरांना वाडग्यात नूडल्स घालून द्यायची आणि वाडगा पण धुवायची नाही. तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर पोस्टमन टोस्टवर जगू लागले. चौथ्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरच्या बायकोनं तर विळीच माळ्यावर टाकली. थोरलीबाई सगळ्यांना नावं ठेवायची. आळशी म्हणायची, भिकारडे म्हणायची, जिभेचे गुलाम म्हणायची. आणि मग स्वतःच्या फडताळाकडे पाठ करून उभी राहायची, कारण आत पाकिटंच होती.

तिच्याकडे भाजी यायची ती दहा दिवसांतून एकदा, ती स्वतः लंगडत जाऊन आणेल तेव्हा. तीन दिवस टिकायची. उरलेले सात दिवस तिचा नवरा बेकरीचे टोस्ट चहात बुडवायचा.

ह्या नवऱ्याचंच तर दुखणं होतं. म्हातारा कारखान्यात फिटर होता, उभा जन्म पायांवर काढलेला. आता साखरेचा आजार लागला होता आणि डाव्या टाचेला पडलेली जखम तीन महिने भरत नव्हती. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: हिरवं खा, ताजं खा, पाकिटातलं बंद. थोरलीबाई रोज सकाळी जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि बांधता बांधता बोलायची.

"लाज नाही वाटत? डॉक्टर काय म्हणाला, तुम्ही काय खाताय?"

म्हातारा शांतपणे म्हणायचा, "अगं, जे दारात येतं ते तोंडात जातं. पालक चालत येणार असेल तर सांग, मी दार उघडून बसतो."

तर अशात एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, उद्या हे तुमच्या इमारतीत येतायत तपासणीला. घर जरा नीट ठेव."

बस्स. तपासणी कशासाठी, कागद कुठे जाणार, हे लेकीला ठाऊक नव्हतं आणि थोरलीबाईनं विचारलंही नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकच आलं: जावई झाकण उचलणार, आत काही नसणार, तो "हं" म्हणणार, आणि ते "हं" सरकारी कागदावर चढणार. अमक्याच्या सासूच्या घरात खायला पाला नाही! दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली बस धरून ती बाजारात गेली. एक मोठा पांढरा फ्लॉवर, पालकाची जुडी, चार गाजरं आणि टोमॅटो घेऊन आली. येताना जिन्यातच तिनं तिघांना हाका मारून गोळा केलं.

"ऐका गं. तो जिन्याजवळचीच दारं घेणार, मला ठाऊक आहेत त्याची आळशी हाडं. म्हणजे मी, तू, पोस्टमन आणि तू. त्याचं माझ्याकडचं झालं की मी मागच्या सज्ज्यात टोपली भरते. वरून ओढून घ्यायची. एकेक मजला."

"म्हणजे एकच भाजी चौघांकडे?" शिंपीण म्हणाली.

"मग काय चार फ्लॉवर मी डोक्यावर आणायचे होते? झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या जिन्याची लाज बाहेर जाता कामा नये."

पोस्टमननी टोपीला हात लावून विचारलं, "आणि टपाल वेळेत नाही पोचलं तर?"

"तुम्ही तीस वर्षं कधी पोचवलंत?"

जावई आला तसा अगदी ठरल्यासारखा आला. थोरलीबाईच्या ओट्यावर फ्लॉवर नवऱ्या मुलासारखा सजून बसला होता. जावयानं बघितला, लिहिला, चहा प्यायला. तो पुढच्या जिन्यानं धापा टाकत वर चढला, मागच्या बाजूनं टोपली चढली. माणसापेक्षा टोपली चपळ. दुसऱ्या मजल्यावर शिंपिणीनं पालक पाण्याच्या भांड्यात उभा केला. तिसऱ्यावर पोस्टमननी फ्लॉवर पातेल्यात कोंबून वर झाकण ठेवलं, उचलायला काहीतरी हवं म्हणून, आणि कोंबताना त्याचा एक तुरा मोडला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत टोपली दोनदा भिंतीला आपटली होती. फ्लॉवर एका अंगानं काळवंडला होता, गाजराचं एक टोक गेलं होतं आणि पालक मान टाकून पडला होता.

जावयानं चारी घरांत एकच लिहिलं: ताजी भाजी, आहे. कागद मिटला आणि गेला. त्या संध्याकाळी थोरलीबाईनं तो दमलेला फ्लॉवर शिजवून चार वाट्यांत चार घरी धाडला, आणि लढाई जिंकल्यासारखी झोपली.

दोन महिन्यांनी शिंपीण खाली आली ती तोंड पाडून. तिची बहीण कालव्यापलीकडच्या वस्तीत राहायची.

"थोरलीबाई, तिच्याकडे भाजीची गाडी सुरू झालीय. सरकारी. आठवड्यातून तीनदा, दारात उभी राहते. पालक, गाजर, सगळं."

"मग आपल्याकडे कधी येणार?"

"आपल्याकडे नाही. तपासणीत ज्यांच्या घरात काही सापडलं नाही, त्यांनाच. बहीण म्हणते, आम्ही रिकामी टोपली दाखवली होती."

थोरलीबाई आत वळली. त्याच सकाळी डॉक्टर म्हणाला होता, महिन्याभरात जखम भरली नाही तर टाचेवर भागणार नाही, पाय वाचवायचा विचार करावा लागेल. ती नवऱ्यापुढे पट्टी घेऊन बसली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा पट्टी बांधताना तिचं तोंड बंद होतं. म्हातारा घाबरला. "अगं, बोल की काहीतरी. शिव्या तरी दे." पण शिव्या कुणाला द्यायच्या? आपल्याच नाकाला? नाक वर ठेवण्यापायी तिनं नवऱ्याची टाच पणाला लावली होती.

तेवढ्यात लेकीच्या घरातली फरशी उखडून नवी घालायची निघाली आणि लेक-जावई आठ दिवस राहायला आले. पहिल्याच रात्री जेवताना विषय निघाला. थोरलीबाईनं साधंच विचारलं होतं, की चूक झाली असेल तर कागद बदलता येतो का.

जावई हात थांबवून हसला. "आई, तो फ्लॉवर ना? अहो, चौथ्या मजल्यावर त्याला बिचाऱ्याला घाम फुटला होता! मी दुसऱ्याच मजल्यावर ओळखला त्याला. पोस्टमनकडे झाकण उचललं तर म्हटलं, या राव, पुन्हा भेटलात!"

तो एकटाच हसत होता. म्हाताऱ्यानं मान खाली घातली होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," थोरलीबाई म्हणाली.

"होतं की. पण म्हटलं सासुरवाडीची अब्रू आहे. तुमचीच अब्रू राखली मी."

"आणि तो मागचा कागद?" लेक एकदम म्हणाली. "भाजी नाही असं लिहिलं की मागचं पान भरावं लागतं, तुम्हीच सांगत होता ना? नकाशा काढायचा, जवळच्या भाजीच्या दुकानापर्यंत स्वतः चालत जाऊन अंतर मोजायचं."

जावयानं पाण्याचा पेला उचलला. "ऊन किती होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

थोरलीबाईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. खोटं तिनं पण केलं होतं, पण त्यासाठी ती दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटेची बस चढली होती. ह्या माणसाला खरं समोर येऊन भेटलं, दोनदा, तीनदा, चारदा भेटलं, आणि ऊन आहे म्हणून त्यानं ते घरी पाठवलं. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकघर बदललं. म्हाताऱ्यासाठी शिंपिणीच्या बहिणीकडून आलेली थोडी भाजी झाकून बाजूला, ती फक्त त्याला. बाकी ताटात जे गल्लीत मिळतं ते. सकाळी क्रीमची बिस्किटं, ताटलीत गोल मांडून. दुपारी वाडग्यात नूडल्स. रात्री तळणवाल्याकडचं पिवळं काहीतरी, तेल निथळणारं, आणि सोबत नारिंगी पाण्याची बाटली. थोरलीबाई सगळं अदबीनं वाढायची. जिच्या हातच्या चवीसाठी कधी काळी पाहुणे रांग लावत, ती जावयाच्या ताटात पाकीट फाडून ओतत होती. तिला किती गिळावं लागत होतं ते तिचं तिलाच ठाऊक. पण चेहरा गोड.

"घ्या जावईबापू, हा लाल रंग. हा हिरवा घ्या ना, पुदिना लिहिलंय म्हणे वर. पाच रंग पुरे व्हायला हवेत."

पहिल्या दिवशी जावयाला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं सवयीनं झाकण उचललं, आत वेफर्सचं पाकीट होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड आलं. चौथ्या दिवशी तो न्हाणीघराच्या शेजारच्या खोलीत इतका वेळ बसला की म्हाताऱ्यानं काठीनं दार वाजवून विचारलं, "जावईबापू, अंतर मोजताय का?"

पाचव्या दिवशी सकाळी जावई अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, जरा पालेभाजी… थोडं गाजर तरी…"

"मिळतं की! तुम्हीच लिहिलंय. चार घरांत आहे. कुणाकडे जाता, बघा."

"तसं नाही, आई."

"मग ही पिशवी घ्या. ताजी भाजी, आहे. कुठे आहे ती आणा."

रविवार होता, बस तासाला एक. जावई पिशवी घेऊन चालत निघाला. सज्ज्यातून थोरलीबाईनं त्याला सातही दुकानांपुढे थांबताना पाहिलं, एकेक माळ बाजूला सारून आत डोकावताना पाहिलं. मग तो कठड्याला वळसा घालून दिसेनासा झाला. परत आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शर्ट पाठीला चिकटलेला, एक बूट हातात, टाचेला फोड, आणि पिशवीत तीन मऊ टोमॅटो नि कोंब फुटलेला एक कांदा. रविवारी बाजार अर्धा बंद असतो, हे तपासनीसाला ठाऊक नव्हतं.

तो खुर्चीवर कोसळला. थोरलीबाईनं त्याला पाणी दिलं, फोड आलेला पाय पाहिला, आणि टेबलावर त्याचीच पिशवी उघडून कोरा कागद काढून ठेवला. उलटा, मागचं पान वर.

"किती झालं?"

"काय किती?"

"अंतर. आता मोजलंत ना पायांनी? लिहा."

"आई, ती तपासणी संपली. मुदत गेली. आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ह्यांना पाय असेल का?"

लेक आतून आली. तिच्या हातात वडिलांची सकाळची पट्टी होती, पिवळी पडलेली. ती म्हणाली, "अहो, दुरुस्तीचा कागद असतो. तीन महिन्यांच्या आत. घरातल्या बाईनं स्वतः लिहून द्यायचं, की आधी सांगितलं ते खोटं होतं. मागे तुम्हीच त्या कापडगिरणीजवळच्या वस्तीचा भरला होता."

"ते करता येतं," जावई चाचरत म्हणाला. "पण मग आईंनाच खोटं बोलल्याचं कबूल करावं लागेल. नावानिशी. ते वरच्या कचेरीत वाचलं जातं सगळ्यांपुढे. आई, तुम्ही…? तुमची अब्रू…"

त्याला खात्री होती की इथे म्हातारी अडणार. अकरा वर्षांत तिनं कुणापुढे साधं "चुकलं" म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

थोरलीबाईनं पदराला हात पुसले आणि टेबलाशी बसली.

"लिहा. ह्या घरात त्या दिवशी भाजी नव्हती. दोन बस करून फक्त दाखवायला आणली होती. तीच टोपलीतून वर गेली. चारी घरांत मिळून एक फ्लॉवर होता. ही सगळी लबाडी माझी, वरच्या तिघांची नाही. लिहिलंत? आता खाली हे पण लिहा, की तपासनीसानं दुसऱ्या मजल्यावरच ओळखलं होतं."

"आई! माझी नोकरी…"

"बरं, ते राहू द्या. लेकीचं घर आहे. ते मी तोंडानंच सांगेन, गरज पडली तर. गाडी आली नाही तर गरज पडेल."

जावयानं लिहिलं. नकाशा काढला, सात दुकानं, कठडा, मोठा रस्ता, सगळं. एवढं चांगलं काम त्यानं नोकरीत कधी केलं नसेल. थोरलीबाईनं खाली सही केली. एकेक अक्षर ओढत, जीभ दातांत धरून. मग कागद टोपलीत ठेवला, वर वाटीचं वजन ठेवलं, सज्ज्यात जाऊन वर हाक मारली, आणि टोपली एकेक मजला चढत तिघांच्या सह्या घेऊन खाली आली. ह्या वेळी भिंतीला कुठे आपटली नाही.

जावयानं कागद घडी करून पिशवीत घातला. उद्या सकाळी आधी हेच देतो, म्हणाला. त्याला हलकं वाटू लागलं होतं. तो तिच्याकडे बघून हसला, आणि सवयीनं हात शेगडीवरच्या झाकणाकडे गेला.

"झालं ना आई मनासारखं? गेला ना आता राग?"

थोरलीबाईनं झाकणावर आपला हात ठेवला.

"राग? जावईबापू, राग यायला समोर माणूस लागतो. तो फ्लॉवर भाजीच्या जातीचा, पण चार मजले चढला तर त्याच्या अंगावर डाग तरी पडले. तुम्ही तेच चार मजले चढलात आणि कोरेच्या कोरे खाली उतरलात. हात काढा तिथून. आतली भाजी ह्यांच्यासाठी आहे. तुमची बिस्किटं फडताळात आहेत, घ्या हातानं."